सातबारा कुणाच्या नावावर? भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीची गोष्ट, मातीपासून

५ जानेवारी २०२५, रविवार. तापीकाठच्या आमच्या गावात त्या सकाळी शेकोटी उशिरापर्यंत पेटती होती. रातपाळीच्या लाईटवर केळीला पाणी भरून आलेले आप्पा, म्हणजे माझे चुलते, घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते. मी मोबाईलवर सिडनीची कसोटी बघत होतो. दुसरा चहा होता होता खेळ आटोपला. ऑस्ट्रेलियानं सहा गडी राखून सामना मारला, मालिका ३-१ नं जिंकली आणि दहा वर्षांनी बोर्डर-गावसकर करंडक परत नेला.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. त्यांनी तीन विचारले. करंडक एवढी वर्षं आपल्याकडे होता तो कसा? घरी वाघ असणारी पोरं तिकडे जाऊन अशी का होतात? आणि तिसरा प्रश्न खास अहिराणीत: "पाच दिन खेळीसन बी कोन्ही जिकनं नही, हाऊ काय खेळ शे?"

आप्पांना क्रिकेट कळत नाही असं नाही. वर्ल्ड कप, आयपीएल सगळं बघतात. कसोटी मात्र त्यांना कोर्टातल्या दाव्यासारखी वाटते, नुसती तारखेवर तारीख. पण मला तर वाटतं की भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा इतिहास समजून घ्यायला शेतकऱ्याइतका लायक माणूस नाही. कारण त्यातलं निम्मं भांडण मातीचं आहे.

आधी पाच दिवसांचा हिशोब

कसोटीत दोन्ही संघांना दोन-दोन वेळा फलंदाजी मिळते. जिंकायचं असेल तर नुसत्या धावा करून भागत नाही, समोरच्याचे दोन्ही डाव मिळून वीस गडी बाद करावे लागतात. पाच दिवसांत ते जमलं नाही तर सामना अनिर्णित, म्हणजे ड्रॉ. वीस षटकांचा सामना मेथीच्या जुडीसारखा असतो, सकाळी बाजारात नेली की संध्याकाळी पैसे हातात. कसोटी केळीसारखी आहे. लावलेलं खोड घड देईपर्यंत वारा, ऊन, थंडी, सगळं अंगावर घेतं, आणि घड आला तरी भाव मिळेलच असं नाही.

ड्रॉ वेगळा आणि टाय वेगळा, हेही एकदा सांगून टाकतो. ड्रॉमध्ये वेळ संपते. टायमध्ये शेवटी फलंदाजी करणारा संघ सर्वबाद होतो आणि दोन्ही बाजूंच्या धावा तंतोतंत सारख्या भरतात. जवळजवळ दीडशे वर्षांच्या कसोटी इतिहासात टाय फक्त दोनदा झाला, आणि दुसरा आपल्याच घरी: सप्टेंबर १९८६, चेन्नई, तेव्हाचं मद्रास. भारताला ३४८ धावा हव्या होत्या. ३४७ झाल्या आणि मनिंदरसिंग पायचीत. समोर रवी शास्त्री ४८ वर नाबाद, हात चोळत उभा.

त्याच सामन्यात डीन जोन्सनं २१० धावा केल्या. मद्रासच्या दमट उन्हात त्याला मैदानातच उलट्या होत होत्या. तो जातो म्हणाला तेव्हा कप्तान ॲलन बोर्डरनं त्याला डिवचलं, की जा बाबा, मी क्वीन्सलँडचा एखादा दमदार गडी आणतो. जोन्स टिकला, आणि डाव संपल्यावर त्याला सलाईन लावावी लागली. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता सायकलवर निघालेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

खळं करता येत असेल तर खेळपट्टी कळते

आता मातीकडे येऊ. मैदानाच्या मधोमध बावीस यार्डांची, म्हणजे साधारण वीस मीटरची पट्टी असते. तीच खेळपट्टी. आयपीएलमध्ये तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही, कारण तीन-चार तासांत तिचं होऊन होऊन काय होणार? कसोटीत मात्र ती पाच दिवस बदलत राहते.

मळणीयंत्रं आली तशी खळी गेली, पण आप्पांच्या पिढीनं खळं केलेलं आहे. जागा खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, आणि माती वाफशावर आली की बैल फिरवून चोपायची. वाफसा म्हणजे मातीतली ती नेमकी ओल, मूठ दाबली तर लाडू वळतो पण हाताला चिखल लागत नाही. आधी फिरवलं तर बैलाचे पाय रुततात, उशीर झाला तर माती दबत नाही. वर शेणाचं सारवण. वाळलं की फरशीसारखं टणक.

खेळपट्टी करणाऱ्या माणसाला क्युरेटर म्हणतात, आणि तोही हेच करतो. बैलांच्या जागी त्याच्याकडे रोलर असतो आणि सारवणाच्या जागी गवत. माती चिकण लागते, कारण चिकणमाती ओलीत फुगते, वाळताना आवळते आणि रोलरखाली घट्ट बसते. खोलवर घट्ट बसली की चेंडू आपटून छातीपर्यंत उसळतो. वरचा थर सुकून भुसभुशीत झाला की चेंडूची शिवण मातीत अडकते आणि फिरकी गोलंदाजाचा चेंडू वळतो. भेगा रुंदावल्या आणि चेंडू नेमका भेगेच्या कडेला पडला, तर तो कुठे जाईल ते गोलंदाजालाही ठाऊक नसतं.

म्हणून पहिल्या सकाळी थोडी ओल असते तेव्हा वेगवान गोलंदाज खूश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजांचं राज्य. चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकीचं. त्यात गोलंदाज चेंडू टाकून जिथं पाय आपटतात तिथं खड्डे पडतात, ते पुढे फिरकीवाल्याला आयते मिळतात. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. पण कसोटीतले निम्मे डावपेच याच्याभोवती फिरतात.

"काळी माती तिकडे नाही का?"

हा प्रश्न आप्पांनी विचारला नाही, मीच विचारतो, कारण उत्तर मजेदार आहे. ऑस्ट्रेलियातही काळी माती आहे. मेलबर्नच्या खेळपट्टीला मेरी क्रीक नावाच्या ओढ्याकडची काळी चिकणमाती वापरतात, आणि तीही ज्वालामुखीच्या काळ्या दगडापासून झालेली, आपल्या कपाशीच्या वावरासारखीच. मग एकाच जातीची माती तिकडे उसळते आणि इकडे वळते, असं का?

कारण रोलरची मेहनत, ओल आणि गवत. तिकडे पट्टीवर जिवंत गवत ठेवतात. त्याची मुळं मातीला आतून शिवून धरतात, म्हणून वरचा थर लवकर सुटत नाही आणि चेंडू जोरात वर येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा गवत अगदी खरवडून काढतात आणि पट्टी कोरडी ठेवतात. वर आपलं ऊन. मग तिसऱ्या दिवशी धूळ उडणार नाही तर काय होणार? आपल्याकडेही मातीमातीत फरक आहेच. लाल मातीवर साधारणपणे उसळी जास्त आणि वरचा थर लवकर सुटतो, काळीवर चेंडू जरा खाली आणि संथ राहतो.

मेलबर्नला आणखी एक गंमत आहे. हिवाळ्यात त्या मैदानावर त्यांचा फुटबॉल चालतो, म्हणून खेळपट्टी बाहेर ट्रेमध्ये वाढवतात आणि मोसमात उचलून आणून बसवतात. आपल्याकडे टिश्यू कल्चरची केळीची रोपं नर्सरीतून ट्रेमध्ये येतात आणि वावरात लागतात, तसंच. ॲडलेडला आणि पर्थच्या नव्या स्टेडियमवरही हीच पद्धत.

चेंडूही वेगळा. आपल्याकडे मेरठचा एसजी, त्याची शिवण हातानं घातलेली, उठावदार, बराच वेळ टिकणारी. तिकडे कुकाबुरा, त्याची शिवण लवकर बसते, पण टणक पट्टीवर नवा असताना तो अंगावर येतो. एका चेंडूवर वाढलेल्या पोराला दुसरा हातात घेतला की आधी त्याची ओळखच करून घ्यावी लागते.

१९४७: पहिली भेट आणि ५८ धावा

स्वातंत्र्य मिळून साडेतीन महिने झाले होते. लाला अमरनाथ यांच्या संघानं २८ नोव्हेंबर १९४७ ला ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियाशी पहिली कसोटी सुरू केली. समोर डॉन ब्रॅडमन. ब्रॅडमननं १८५ केले आणि मग पाऊस आला. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी झाकायची पद्धत नव्हती. पावसात भिजलेली चिकणमाती उन्हात वाळायला लागली की तिच्यावर पडलेला चेंडू कधी अडखळतो, कधी तोंडावर उडतो. भारत ५८ वर सर्वबाद. एर्नी टोशॅक नावाच्या गोलंदाजानं २ धावांत ५ बळी घेतले. छपाईची चूक नाही, खरंच दोन धावा. दुसऱ्या डावात ९८.

पाच कसोट्यांची ती मालिका आपण ०-४ नं हरलो. पण त्यातही सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. संघ तरी डावानं हरला, म्हणजे आपल्या दोन्ही डावांच्या धावा मिळूनही त्यांच्या एका डावाएवढ्या भरल्या नाहीत.

याच दौऱ्यानं क्रिकेटला एक शब्द दिला. सिडनीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधीच रेषेबाहेर निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं आणि तेव्हापासून त्या प्रकाराला 'मांकडिंग' म्हणायला लागले, जणू काही मांकडांनीच चोरी केली होती. चोरी तर धाव आधी घेणारा करत होता. मांकडांनी ब्राउनला आधीच्या एका सामन्यात ताकीदही दिली होती आणि खुद्द ब्रॅडमननं त्यांची बाजू घेतली. २०२२ मध्ये नियमावलीनं हा प्रकार साध्या 'धावबाद' या कलमात नेला. पंचाहत्तर वर्षं लागली.

पहिला विजय नव्या पट्टीवर

ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरवायला आपल्याला बारा वर्षं लागली. डिसेंबर १९५९, कानपूर. खेळपट्टी नव्यानं तयार केलेली. निवड समितीचे प्रमुख तेव्हा लाला अमरनाथच होते, आणि त्यांनी जसू पटेल या ऑफस्पिन फिरकी गोलंदाजाला संघात घेतलं. मातीचा माणूस मातीवर उतरवला म्हणा ना. पटेलांनी एका डावात ६९ धावांत ९ बळी घेतले, सामन्यात १४, आणि रिची बेनॉचा बलाढ्य संघ ११९ धावांनी हरला.

परदेशी मातीवरचा पहिला विजय मात्र १९७७-७८ च्या मोसमातला, मेलबर्नचा. भागवत चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत ५२ धावा देऊन ६-६ बळी घेतले. दोन्ही डावांत अगदी सारखेच आकडे, ज्योतिष्याला सांगितलं तरी पटणार नाही. ती मालिका आपण २-३ नं हरलो.

पुन्हा मेलबर्न, फेब्रुवारी १९८१. पंचांनी सुनील गावसकरांना ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला असं गावसकरांचं म्हणणं. त्यात लिलीनं काही ऐकवलं, तसा गावसकरांचा पारा चढला आणि त्यांनी समोरच्या चेतन चौहानांनाच सोबत घेऊन मैदानाबाहेरची वाट धरली. दोघे बाहेर गेले असते तर सामनाच हातचा जायचा. सीमारेषेवर संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी धावत आले, त्यांनी चौहानांना माघारी पाठवलं. शेवटच्या डावात ऑस्ट्रेलियाला फक्त १४३ हवे होते. पण खेळपट्टी मोडकळीला आली होती, चेंडू खाली राहत होता. मांडी दुखावलेल्या कपिलदेवनं २८ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये आटोपला. मालिका १-१.

करंडक म्हणजे सातबारा

आता आप्पांचा पहिला प्रश्न. १९९६ पर्यंत दोन देश खेळत होते, पण मालिकेला करंडक नव्हता. कसोटीत १०,००० धावांचा टप्पा ओलांडणारे पहिले गावसकर आणि दुसरे बोर्डर, म्हणून दोघांच्या नावानं करंडक सुरू झाला. पहिला सामना दिल्लीत, ऑक्टोबर १९९६, एकाच कसोटीची मालिका. नयन मोंगियानं १५२ केले आणि करंडक पहिल्या झटक्यात आपल्याकडे आला.

नियम सातबाऱ्यासारखा आहे. उताऱ्यावर ज्याचं नाव, त्याचं नाव नवा फेरफार मंजूर होईपर्यंत राहतं. दावेदारानं मालिका जिंकली तर फेरफार मंजूर. मालिका बरोबरीत सुटली तर दावा फेटाळला आणि जमीन जुन्याच मालकाकडे. २००३-०४ मध्ये ऑस्ट्रेलियात मालिका १-१ अशी सुटली तेव्हा करंडक आपल्याकडेच राहिला, कारण २००१ पासून नाव आपलं होतं. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या ॲशेसमध्येही हाच कायदा.

१९९६ पासून जानेवारी २०२५ पर्यंत या करंडकाच्या १७ मालिका झाल्या. भारतानं १० जिंकल्या, ऑस्ट्रेलियानं ६, एक बरोबरीत. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूनं मांडले की माझा मुद्दा उघडा पडतो. या १७ पैकी १३ मालिका यजमानानं जिंकल्या. पाहुण्यानं जिंकल्या फक्त तीन: ऑस्ट्रेलियानं भारतात २००४ ला, भारतानं ऑस्ट्रेलियात २०१८-१९ आणि २०२०-२१ ला. म्हणजे तीस वर्षांत या भांडणात दुसऱ्याच्या वावरात पीक काढून दाखवणारे तीनच संघ. बाकी सगळे आपापल्या मातीत शहाणे.

खड्डा, वॉर्न आणि सचिन

मातीचा अभ्यास म्हणजे काय, ते १९९८ च्या चेन्नई कसोटीत दिसलं. शेन वॉर्न ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर, म्हणजे फिरकी गोलंदाज, आणि उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायामागे पडलेल्या खरबडीत जागेत चेंडू टाकून तो आत वळवणं हा त्याचा हातखंडा. सचिन तेंडुलकरनं मालिकेआधी सरावाच्या पट्टीवर नेमकी तीच जागा खरवडून घेतली आणि माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला तिथंच चेंडू टाकायला लावले. पहिल्या डावात वॉर्ननं त्याला ४ वर काढलं. दुसऱ्या डावात सचिन १५५ नाबाद.

आणि मग २००१ चं कोलकाता, ज्याच्याबद्दल सगळ्यांनी सगळं लिहून झालंय तरी मला राहवत नाही. स्टीव्ह वॉचा संघ सलग १६ कसोट्या जिंकून आला होता. पहिल्या डावात त्यांचे ४४५, आपले १७१. इथं एक शब्द समजून घ्या: फॉलोऑन. पहिल्या डावात दोनशे किंवा जास्त धावांची आघाडी असेल तर समोरच्याला लगेच पुन्हा फलंदाजीला बसवता येतं. वॉनं बसवलं. लक्ष्मणनं २८१ आणि द्रविडनं १८० केल्या, दोघांची भागीदारी ३७६ धावांची, आणि चौथ्या दिवशी अख्खा दिवस एकही गडी बाद झाला नाही. मग पाचव्या दिवशी पट्टी हरभजनच्या मदतीला आली आणि ऑस्ट्रेलिया १७१ धावांनी हरला. फॉलोऑननंतर सामना फिरवण्याची कसोटीतली ती तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी, १८९४ आणि १९८१ ला, हरणारा संघ कोण? ऑस्ट्रेलियाच. पुढच्याच्या तोंडाला फेस आणायचा आणि मग स्वतः घसरायचं, ही त्यांची जुनी खोड दिसते.

लक्ष्मण त्या डावात वॉर्नला पुढे सरसावून मारत होता. जिथं चेंडू वळून सुटायला हवा तिथं तो वळायच्या आधीच गाठायचा. आमच्याकडे म्हणतात तसं, नांगी मारायच्या आधीच विंचवाची शेपटी धरली.

हवी तशी खेळपट्टी करणं हा रडीचा डाव नाही का?

दर वेळी कसोटी तीन दिवसांत आटोपली की गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हाच वाद पेटतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ओट्यावर पत्ते खेळतो तेव्हा पत्ते घरचा माणूस पिसतो, पण कापायला पाहुण्याला देतो. इथंही तसंच. खेळपट्टी यजमान करतो, नाणेफेकीत छापा की काटा ते पाहुणा कप्तान सांगतो. शिवाय सामनाधिकारी प्रत्येक सामन्यानंतर खेळपट्टीला शेरा देतो. वाईट शेरा मिळाला तर मैदानाच्या नावावर दंडगुण, आणि फार साचले तर तिथले आंतरराष्ट्रीय सामनेच बंद होतात.

माझं मत विचाराल तर, ऑस्ट्रेलियातली हिरवी पट्टी 'खेळकर' आणि आपली वळणारी पट्टी 'खराब' ही भाषाच मला पक्षपाती वाटते. कानाजवळून जाणारा चेंडू मर्दानी आणि पायाजवळ वळणारा लबाड, असं कुणी ठरवलं? पण दुसरी बाजूही खरी आहे. आपण फार हुशारी केली की माती उलटते.

नागपूर, २००४. पट्टीवर चांगलं गवत होतं. जेसन गिलेस्पीनं ९ बळी घेतले, आपण ३४२ धावांनी हरलो आणि ३५ वर्षांनी ऑस्ट्रेलियानं भारतात मालिका जिंकली. पुणे, २०१७. कोरडी, पहिल्या दिवसापासून वळणारी पट्टी. अश्विन-जडेजा खातील असं वाटलं होतं. पण स्टीव्ह ओ'कीफ नावाच्या डावखुऱ्या फिरकीपटूनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६-६ बळी घेतले, आपण १०५ आणि १०७ वर आटोपलो आणि तीन दिवसांत ३३३ धावांनी हरलो. इंदूर, २०२३. आमच्या धुळ्यावरून सरळ रस्ता आहे, काही पोरं पाच दिवसांची सोय करून निघाली होती. पहिल्या डावात भारत १०९, दुसऱ्या डावात नेथन लायनला ८ बळी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच खेळ खलास. उरलेले दिवस पोरांनी सराफ्यात खाण्यात घालवले, ते मात्र वाया गेले नाहीत.

यातलं गणित साधं आहे. पट्टी फारच फुटली की चांगला फिरकीपटू आणि सामान्य फिरकीपटू यांतला फरक मिटतो. चांगल्या पाटावर निष्णात बारीदाराला, म्हणजे पाणी धरणाऱ्याला, किंमत असते. कालवाच फुटला तर सगळ्यांच्या वावरात पाणी.

मग बाहेर जिंकलो ते कसं?

२०१८-१९ ला चेतेश्वर पुजारानं १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या. धावांपेक्षा मला ते चेंडू महत्त्वाचे वाटतात. त्यानं ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना अक्षरशः थकवलं. मालिका २-१. लगेच तिकडून सूर आला: आमचे फलंदाज स्मिथ आणि वॉर्नर बंदीमुळे नव्हते म्हणून जिंकलात. ठीक आहे.

पुढच्या खेपेला दोघेही होते. ॲडलेडला १९ डिसेंबर २०२० ला आपण ३६ वर सर्वबाद झालो, आपला आजवरचा नीचांक. कुणाच्याच दोन आकडी धावा नाहीत. विराट कोहली बायकोच्या बाळंतपणासाठी घरी परतला, शमीचा हात मोडला. कप्तानी आली अजिंक्य रहाणेकडे, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या माणसाकडे. त्यानं मेलबर्नला ११२ केले आणि मालिका १-१.

सिडनीत आप्पांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हनुमा विहारीचा मांडीमागचा स्नायू फाटलेला, अश्विनची पाठ धरलेली. दोघांना धावताही येत नव्हतं. दोघांनी मिळून ४० हून जास्त षटकं खेळून काढली. विहारी १६१ चेंडूंत २३, अश्विन १२८ चेंडूंत ३९, दोघेही नाबाद. सामना ड्रॉ. कोणी जिंकलं नाही हे खरं. पण तो सामना हरलो असतो तर पुढच्या ब्रिस्बेनला काय अर्थ उरला असता? गारपिटीत सगळं झोपलं नाही, निम्मं पीक उभं राहिलं, यालाही शेतकरी वर्ष निभावलं म्हणतो.

ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया हरला नव्हता. आपल्या पाच गोलंदाजांचा मिळून आधीचा अनुभव होता चार कसोट्यांचा. फक्त चार. शेवटच्या डावात भेगा पडलेल्या पट्टीवर ३२८ हवे होते. पुजारानं अंगावर चेंडू झेलले, हातावर, बरगड्यांवर, हेल्मेटवर, आणि २११ चेंडूंत ५६ केले. गिलनं ९१. पंतनं नाबाद ८९, आणि तीन षटकं शिल्लक असताना विजयी चौकार. १९ जानेवारी २०२१, मंगळवार. मला आठवतं, त्या दिवशी दुपारी आमच्याकडे शेवभाजीचा बेत होता आणि भाजी करपली, कारण करणाराही मोबाईलकडेच बघत होता.

शेवटी करंडक गेला तो का?

२०२४-२५ ची सुरुवात उलटी झाली होती. पर्थला आपण २९५ धावांनी जिंकलो. मग ॲडलेड, मेलबर्न, सिडनी हरलो, ब्रिस्बेन पावसात गेलं. जसप्रीत बुमरानं मालिकेत ३२ बळी घेतले, तेही तिकडच्या पट्ट्यांवर, तिकडच्या गोलंदाजांपेक्षा भारी. पण सिडनीत त्याची पाठ गेली आणि शेवटच्या डावात तो चेंडू टाकायलाच उतरू शकला नाही. एकट्या विहिरीवर पाच एकर केळी भिजवायला निघालं की मार्चमध्ये जे होतं, ते जानेवारीत झालं. फलंदाजांनी त्याला विसावा मिळेल एवढा वेळ क्वचितच खेळपट्टीवर काढला. २०१८ ला पुजारा जे करत होता, नेमकं तेच नव्हतं.

त्या सकाळी हे सगळं मी आप्पांना सांगितलं. मग पुन्हा दाखवला जाणारा एक भाग लावला. खेळ सुरू होण्याआधी समालोचक खेळपट्टीवर वाकतो, भेगेत गाडीची चावी घालून दाखवतो आणि डोळे मोठे करून सांगतो, की आज फलंदाजांची खैर नाही. आप्पांनी घोंगडी सावरत मोबाईल जवळ ओढला, ती भेग नीट निरखली आणि म्हणाले, "इतली भेग ते मन्हा वावरमा बी पडस. तठे ते मन्हा पुरा पाय जास."